कुत्र्यांच्या बंगल्यातला सात नंबरचा खण

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" आमचे मामा वस्ताद. ते म्हणाले, "लोणावळ्याला मुंबईवाल्यांच्या संस्थेत कंपाउंडर आहे." पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही. लग्नानंतर महिन्याभरानं बायकोला कळलं की माझे पेशंट चार पायांचे आहेत. तिनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी कामावरून आलो तर दाराबाहेर ऊन पाण्याची बादली ठेवलेली. "आधी तो वास धुवा, मग घरात या," म्हणाली. ती बादली पुढं माझी नोकरी संपेपर्यंत रोज त्याच जागी असायची.

संस्थेचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. फाटकावरच्या पाटीवर दोन ओळींत मावलं नाही म्हणून तिसरी ओळ बारीक अक्षरांत काढली होती. गावात मात्र सगळे 'कुत्र्यांचा बंगला' म्हणायचे. बंगला कसला, खंडाळ्याच्या वाटेवरची कुणा जुन्या साहेबाची घोड्यांची पागा होती ती. तिच्यात जाळ्या ठोकून तीस खण केले होते, पलीकडं मांजरांची एक खोली. मी औषधपाण्याला, हरबा सफाईला आणि हातगाडीला, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर सेक्रेटरीसाहेब. रेल्वेतनं पेन्शन घेऊन लोणावळ्यात घर बांधलेले गृहस्थ. शिस्तीचे होते, तोंडाचे कडक होते, पण मनानं वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना बोल लावाल, आणि तो बोल खरं म्हणजे माझ्या वाट्याचा आहे.

आमचा धंदा चालायचा तो माणसं हवा खायला यायची म्हणून. लोणावळा-खंडाळ्याला सीझन दोन, एक उन्हाळ्याचा आणि एक दिवाळीचा. मुंबईची बिऱ्हाडं भांड्याकुंड्यांसकट यायची. पोरांना खेळायला बाजारातनं एखादं पिल्लू आणायची, नाहीतर मांजराचं बाळ. दोन महिने लाड चालायचे. मग बंगल्याला कुलूप लागायचं, टांगा स्टेशनाकडं जायचा आणि कुत्रं टांग्यामागं धावत धावत फाटकापर्यंत यायचं. माळ्याला सांगून गेलेले असायचे, "सांभाळ हां." माळ्याच्या घरात पोरांनाच भाकरी पुरत नसे, तो काय सांभाळणार! बंद व्हरांड्यात पायपुसण्यावर महिना महिना धन्याची वाट बघत बसलेली कुत्री मी पाहिली आहेत.

मग म्युनिसिपालटी मटणाच्या गोळ्यांत कुचल्याचं विष घालून गोळे रस्त्यावर टाकायची. ते मरण ज्यानं पाहिलं नाही त्यानं न पाहिलेलंच बरं. कुत्रं धनुष्यासारखं वाकतं, आणि त्याला शेवटपर्यंत सगळं कळत असतं. असंच एक मरण बंगल्याच्या फाटकात पाहून मुंबईच्या काही दयाळू लोकांनी वर्गणी जमवली आणि आमची संस्था उभी राहिली. त्या दयेची मी थट्टा करणार नाही. माझी चूल तिच्यावर चालली आणि शेकडो जीव तिच्यामुळं वाचले.

पण वर्गणी टिकवायची तर देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतं. देवळाच्या पायरीवर नाव कोरतात ना, तशी आमच्याकडं रीत होती. जो एका खणाचा खर्च उचलील, तो सांगेल त्या नावाची पितळी पाटी त्या खणावर. कुणी वडिलांच्या नावाची लावी, कुणी गेलेल्या बायकोच्या. आणि आतल्या कुत्र्यालाही तेच देणगीदार नाव ठेवायचे. सीझनला आले की आपली पाटी आणि आपलं कुत्रं बघायला हमखास यायचे. कुत्रं मेलेलं असलं तर त्यांना दुसऱ्यांदा सुतक आल्यासारखं व्हायचं, आणि पुढच्या वर्षी मनिऑर्डर यायची नाही.

म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी एक अलिखित नियम केला होता. खणातलं कुत्रं मेलं, तर पाहुणे यायच्या आत त्याच रंगाचं, त्याच अंगाचं दुसरं आणून ठेवायचं. नाव तेच. म्युनिसिपालटीची गाडी पकडलेली कुत्री आधी आमच्याकडं आणायची. त्यांतली खपतील ती आम्ही ठेवायचो. बाकीच्यांना कुचल्याचं मरण नको म्हणून मीच एका लाकडी पेटीत क्लोरोफॉर्म देऊन निजवायचो. कोण खपणार आणि कोण पेटीत जाणार हे कुत्र्याच्या गुणावर नव्हतं. ते आधी मेलेलं कुत्रं ठरवायचं. पांढऱ्यावर तांबडे ठिपके असले तर आयुष्य मिळालं. काळ्या कुत्र्याच्या खणाला कुणी नाव लावत नसे, म्हणून काळी कुत्री बहुतेक पेटीतच गेली. गावात मला काही लोक पुण्यवान म्हणायचे तेव्हा मला ती पेटी आठवायची.

तऱ्हेवाईक माणसंही पुष्कळ भेटली. एका रिटायर न्यायाधीशांनी आपला म्हातारा कुत्रा ठेवताना लेखी सूचना दिली होती की त्याच्याशी फक्त इंग्रजीतच बोलावं. हरबाला सही येत नव्हती, पण त्यानं 'गुड', 'सिट' आणि 'नो' एवढं इंग्रजी शिकून घेतलं आणि तेवढ्यावर दोघांचा दोन वर्षं संसार झाला. कुत्रा मेला त्या दिवशी हरबा खड्डा खणताना रडत होता, आणि रडतानाही 'गुड, गुड' म्हणत होता. दुसरे एक शेठजी होते. त्यांनी मांजरांची सगळी खोली अंगावर घेतली, पण अट घातली की आपल्या दानातनं हिंसा नको, मांजरांना दूधभातच द्यायचा. चार महिन्यांत मांजरांची केसं गेली, डोळे चिपडले, निम्मी मेली. मग माझी बायको, जिला माझा वास चालत नव्हता, तीच घरचं सुकट कागदात बांधून द्यायला लागली. शेठजी दिवाळीला आले, गुबगुबीत मांजरं बघून म्हणाले, "बघा, दूधभाताचं तेज!" आम्ही माना डोलावल्या. खोटं बोलायची सवय अशी हळूहळू लागली आणि ती चांगल्या कामासाठी लागली, म्हणून तिचं काही वाटेनासं झालं.

आता सात नंबरच्या खणाकडं येतो. इतकी वर्षं मनातल्या मनात त्याच्या बाजूनं जातोय, आत जायचं धाडस होत नव्हतं.

मुंबईच्या एक पारशी बाई होत्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्यांचा एकुलता एक मुलगा छातीच्या दुखण्यानं हवापालटाला खंडाळ्याला राहिला आणि तिथंच गेला. त्याचा प्रिन्स नावाचा कुत्रा होता. तांबूस रंगाचा, आणि कपाळाच्या मधोमध पांढरा चांद. मुलगा गेल्यावर कुत्रा त्याच्या खोलीच्या दारात बसून आत बघत राहायचा. बाईंना ते बघवेना. त्यांनी तो आमच्याकडं ठेवला आणि एका खणाचा नव्हे, एकदम दहा खणांचा भार उचलला. वर्षातनं दोनदा त्या येत. सात नंबरसमोर खुर्ची टाकून बसत, प्रिन्सला आपल्या हातानं भरवत, त्याच्या कपाळावरच्या चांदावरनं बोट फिरवत आणि "डिकरा, डिकरा", म्हणजे बाळा, बाळा, म्हणत. त्यांना चष्म्यातनंही धड दिसत नसे.

खरा प्रिन्स दुसऱ्याच वर्षी तापानं गेला. खंडाळ्याच्या एका बंद बंगल्यात तसाच चांदवाला दुसरा मिळाला, त्याचा चांद जरा डावीकडं होता. बाईंना कळलं नाही, निदान आम्हाला तसं वाटलं. तो पाच-सहा वर्षं जगला. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात तोही अचानक मेला. बाई यायला पंधरा दिवस राहिले होते.

सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावलं. "एका खणाची गोष्ट नाही," ते म्हणाले. "बाईंचं मन मोडलं तर दहा खण जातील. दहा कुत्री. पेटी तुझ्याच हातात आहे, तूच विचार कर."

हरबा आणि मी बंगलेन् बंगले पालथे घातले. तांबूस कुत्री खंडीभर, पण कपाळावर चांद एकाच्याही नाही. शेवटी बाजाराच्या दिवशी तेल्याच्या दुकानासमोर मला तो दिसला. भरल्या अंगाचा तांबूस कुत्रा पाय जोडून बसलेला, कपाळावर अगदी मधोमध चांद. गळ्यात पट्टा नाही, बिल्ला नाही. आमच्या हिशेबानं बेवारशी.

इथं मी जी चूक केली ती एखाद्या मुंबईवाल्यानं केली असती तर समजण्यासारखं होतं. पण मी मावळातला. आमच्या दारातल्या कुत्र्याला बापजन्मी पट्टा नव्हता. मावळात कुणाच्याच कुत्र्याला नसतो. कुत्रं कुणाचं ते गावाला ठाऊक असतं, दोन माणसांना विचारलं की तिसरा सांगतो, हे अमक्याचं. मी एकालाही विचारलं नाही. पट्टा नाही म्हणजे धनी नाही, हा साहेबी कायदा इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांतच जाऊन बसला होता. भाकरीचा तुकडा टाकला, कुत्रं शेपूट हलवत आलं, मी उचलून गाडीत घातलं. मला आनंद झाला होता. लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. काटक, काळासावळा, कमरेला आकडीत कोयता. लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीतला लखू. मोळ्या विकायला तो बाजाराला यायचा.

"रामराम भाऊ," तो म्हणाला. "आमचं कुत्रं हितं आलंय का?"

जसं काही कुत्रं आपल्या पायानं पाहुणं आलं होतं. मी तोंड उघडायच्या आत सात नंबरच्या खणातनं केकाटल्याचा आवाज आला. लखूनं नुसतं "चांद्या" म्हटलं आणि कुत्र्यानं जाळीवर धडक घेतली. नाकपुडी फुटून रक्त आलं तरी ते थांबेना.

आता नाही कसं म्हणणार? मी लखूला फाटकाजवळच्या दगडावर बसवलं आणि चंची काढली. तंबाखू दिली, चुन्याची डबी पुढं केली. त्यानं बोटानं चुना घेतला, तंबाखू मळली, आणि बोटावर उरलेला चुना फाटकाच्या खांबाला पुसला. सगळेच पुसतात, मीही पुसतो. डांबर फासलेला काळा खांब होता, त्यावर पांढरं बोट उमटलं.

मग मी त्याला सगळं खरं सांगितलं. मोठ्या बाई, त्यांचा मुलगा, त्याचा प्रिन्स, कपाळावरचा चांद. वाटलं होतं, हा माणूस भडकेल, शिव्या देईल. तो ऐकत राहिला.

"येकच पोरगा व्हता?" त्यानं विचारलं.

"एकच."

त्यानं तंबाखू गालात सारली. "आमचा बी येक ग्येला, देवीनं," म्हणाला. "बगू द्या मंग बाईला. तिचा जीव निवंल. पर किती दिस?"

"रविवारी बाई येतात. सोमवारी ये आणि घेऊन जा. माझा शब्द."

"तेवढं सोमवारचं चुकवू नगा भाऊ. गडावरची टाकी आटल्यात, जनावर पान्याला खाली उतरतंय." जनावर म्हणजे बिबट्या, मावळात त्याचं नाव घेत नाहीत. "शेजारच्या वाडीतली दोन शेरडं न्हेली. आमची नऊ हायेत, तेवढ्यावरच समदं हाय. चांद्या वाड्याच्या तोंडाशी निजतो म्हून ते लांब ऱ्हातंय."

तो जाळीपाशी गेला, आत बोटं घातली, कुत्र्याच्या कानात काहीतरी बोलला आणि गेला. चांद्या दिवसभर फाटकाकडं तोंड करून बसला.

शनिवारी मुंबईहून पत्र आलं. बाईंना बरं नव्हतं, त्या पुढच्या रविवारी येणार होत्या. सोमवारी लखू हजर. पहाटे निघून चालत आला होता, पायांवर पोटरीपर्यंत धूळ. सेक्रेटरीसाहेब व्हरांड्यात होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं पसरून मला दाखवली. दहा.

त्या वेळी जाळीची कडी काढायची होती. माझा शब्द होता आणि मोडणाराही मीच होतो. मी लखूला म्हणालो, "अजून आठ दिवस कळ काढ रे. बाई आजारी आहेत."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. पुन्हा तंबाखू मळली आणि पुन्हा खांबाला बोट पुसलं. मग हसून म्हणाला, "बरं. आठ दिस चांद्याचं काम मीच करतो. भुंकाया तेवढं येत न्हाई."

हरबा हसला. मीही हसलो.

पुढच्या रविवारी बाई आल्या. अशक्त झाल्या होत्या, दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. चांद्याला बिस्किट दिलं तर त्यानं तोंड फिरवलं. "आज प्रिन्स रुसला का?" त्यांनी विचारलं. "उन्हानं, बाई," हरबा म्हणाला. बाईंनी त्याच्या कपाळावरनं बोट फिरवलं, डिकरा म्हटलं, डोळे पुसले आणि गेल्या. दहा खण वाचले. सेक्रेटरीसाहेबांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी लखू आला नाही. मंगळवारी आला नाही. म्हटलं, कामात अडकला असेल. माझा शब्द मीच पाळावा, त्याला तेवढंच बरं वाटेल, म्हणून बुधवारी चांद्याच्या गळ्यात दोरी बांधून गाडीनं मळवलीला उतरलो आणि भाज्याच्या वाटेनं वर चालायला लागलो. चालताना काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. 'घे बाबा तुझा चांद्या, तुझ्यामुळं दहा कुत्री वाचली' असं काहीतरी. खिंडीत पोचल्यावर कुत्रं दोरीला असा हिसका द्यायला लागलं की मी त्याच्या गळ्यातली दोरी सोडून हातात घेतली.

वाडी पाच-सात खोपट्यांची. लखूचं खोपटं कडेला, त्याच्यापुढं कारवीच्या कुडाचा शेरडांचा वाडा. आत शेरडं होती. मी उगाच मोजली, नऊच्या नऊ होती. चांद्या वाड्याच्या तोंडाशी जमीन हुंगत गोल गोल फिरत होता. तिथं हातभर जागा ताजी सारवलेली होती. बाकीचं अंगण फुटलेलं, धुळीचं, आणि तेवढाच तुकडा, रोज सारवत असल्यासारखा, हिरवागार ओला.

दारात लखूची बायको बसली होती, बुधी. तिनं आधी कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या दोरीकडं.

"तुमी कंपाउंडर भाऊ व्हय?" ती म्हणाली. "ते सांगायचे तुमचं."

"लखू कुठं आहे?"

ती सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज चढला नाही की मोडला नाही. "चांद्या निजायचा तितं हे निजत व्हते. गुरवारी शेरडं वरडली म्हून मी उठले, तर जनावरानं हेंची मान धरलेली. मानसं धावली, आरडावरडा झाला, सोडून ग्येलं. डोलीत घालून दवाखान्याला न्हेत व्हतो. भाज्याच्या वड्यापातूर बोलत व्हते. मंग न्हाई."

"काय बोलत होता?" हे मी का विचारलं, मला माहीत नाही.

"म्हनले, सोमवारी चांद्याला आन. भाऊनं बोलिवलंय." मग वाड्याकडं बघून म्हणाली, "शेरडं समदी हायेत."

मी तिथंच खाली बसलो. तिनं लोटाभर पाणी आणून दिलं आणि मी ते प्यालो, हेही मला आता खटकतं. शेवटी म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं."

ती चांद्याकडं बघत होती. तो सारवलेल्या जागेवर अंग टाकून निजला होता. मग तिनं विचारलं, "आता तुमच्या तितली जागा रिकामी ऱ्हाईल न्हवं? ती म्हातारी बाई फिरून यील. आता कुनाचं न्हेनार?"

टोमणा मारला असता तर सोसलं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. मी उठलो. वाटेत पहिल्यांदा डोक्यात आलं की याआधी बाजारातनं, वाटेवरनं मी जी कुत्री उचलून आणली, त्यांतली कुणाच्या दारातली होती हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सेक्रेटरीसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या बाईला संस्थेतनं काही द्या म्हटलं, तर म्हणाले, "फंड मुक्या जनावरांसाठी आहे रे. माणसासाठी त्यातली दमडी काढता येत नाही, नियमच तसा आहे." मग आत जाऊन स्वतःचे काही पैसे पाकिटात घालून आणले आणि माझ्याकडं न बघता माझ्या हातात दिले. ते मी पोचवले. पण त्या संध्याकाळी मी निघालो, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं होतं, "सात नंबरचं काय करायचं?"

मी फाटकाशी आलो. सवयीनं चंची काढली, डबी उघडली, बोटावर चुना घेतला, तंबाखू मळली आणि उरलेला चुना पुसायला हात खांबाकडं नेला. तिथं लखूची दोन बोटं होती, काळ्यावर पांढरी, अगदी कपाळावरच्या चांदाएवढी.

बोट मी पुसलं नाही. मग मागं फिरलो. त्या दिवशी म्युनिसिपालटीच्या गाडीनं टाकलेल्यांत एक तांबूस कुत्रं होतं. निव्वळ बेवारशी, हाडं वर आलेली, कपाळ कोरं. चांद नाही म्हणून उद्या ते पेटीत जाणार होतं. मी डिंकाच्या पाण्यात चुना कालवला आणि त्याच्या कपाळावर बोट टेकवलं. सगळ्या खटाटोपाला फक्त चिमूटभर चुना लागला. सात नंबरला प्रिन्स तयार झाला.

दिवाळीला मोठ्या बाई आल्या. सकाळीच मी चांद पुन्हा काढून ठेवला होता. या प्रिन्सनं हावरटासारखं त्यांच्या हातातलं खाल्लं. त्यांनी नेहमीसारखं कपाळावरनं बोट फिरवलं आणि बोट पांढरं झालं. त्यांनी बोट चष्म्याजवळ नेऊन बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रुमालानं बोट पुसलं. पुन्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "प्रिन्सला बराबर सांभाळ हां, कंपाउंडर." दहा खणांचा आधार त्या मरेपर्यंत चालू राहिला. त्यांना कधीपासून कळलं होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. चांद त्यांना हवाच होता का, हेही मला आता सांगता येत नाही.

पुढं लढाई आली. बंगले पलटणींना गेले, मुंबईची बिऱ्हाडं यायची थांबली, वर्गणी आटली. शेवटच्या आठवड्यात मी पेटी रोज उघडली. ते इथं लिहीत नाही. सात नंबरचं कुत्रं मात्र दोरी बांधून घरी आणलं. दाराबाहेर बादली होतीच. बायकोनं आम्हा दोघांकडं बघितलं आणि आत जाऊन दुसरी बादली आणली. त्या कुत्र्याच्या कपाळाला मी पुन्हा कधी चुना लावला नाही.

लोक विचारतात, इतक्या वर्षांत किती जीव वाचवलेत? मी आकडा सांगत नाही. त्या सोमवारी लखूनं दुसऱ्यांदा खांबाला बोट पुसलं, तेव्हा मी त्याच्या समोरच उभा होतो, आणि चुन्याची डबी माझ्याच हातात होती.